दोऱ्याचा रंग

स्केवोसनं इंजिन बंद केलं आणि लांब काठी खडकाला टेकवून होडी चार हातांवर रोखून धरली. पुढच्या फळीवर गुडघे टेकून बसलेल्या पोलिक्सेनीबाई दुर्बिणीतून कडा न्याहाळत होत्या. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. डोक्यावरून काळे ससाणे ओरडत घिरट्या घालत होते.

"चाळीस," त्या म्हणाल्या. थोडा वेळ गेला. "एक्केचाळीस. कॅप्टन, ती एक उठत नाहीये."

"अंड्यांवर असेल."

"अंडी शेजारी आहेत. उन्हात. ती पडलीय हो. एकच पंख हलतोय तिचा."

स्केवोसनं वर पाहिलं. त्याला नुसता पांढरा झळझळीत दगड दिसला. सकाळचे साडेदहाच झाले होते, पण ऑगस्टातला हा खडक एव्हाना तव्यासारखा तापतो हे त्याला दुर्बिणीवाचून माहीत होतं. अशा दगडावर उघडी पडलेली अंडी किती टिकतात, हेही माहीत होतं. पंधरा मिनिटं. फार तर वीस.

"मी उतरते," बाई म्हणाल्या.

"बाई, आपण उतरत नाही. तुम्हीच केलेला नियम आहे."

"नियम या पाखरांसाठीच आहे. ती मरतीय."

लारिसाच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली ही बाई अकरा उन्हाळे त्याच्या घरातल्या वरच्या खोलीत राहायला येत होती. पंधरा ऑगस्टचा देवमातेचा सण आटोपला की सोळाला सकाळी दोघं या खडकाकडे यायची, होडीतूनच ससाणे मोजायची आणि परत फिरायची. खडकाला पाय लावायचा नाही. स्केवोसच्या बापाच्या काळी याच कड्यावर माणसं सप्टेंबरात चढायची ती ससाण्यांची पिल्लं पोत्यात भरायला. मिठात मुरवली की हिवाळाभर पुरायची. स्केवोसनंही ती खाल्ली होती, चवीनं खाल्ली होती. हे त्यानं बाईंना कधी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्याबरोबर मोजायला लागल्यापासून बेटावर या पाखरांचा कैवार त्याच्याइतका कुणी घेत नव्हता. कैवार घ्यायलाही कुणीतरी समोर लागतं, आणि यंदा त्याला बेटावरचाच कोळी साकेलारिस मिळाला होता.

"मी चढतो. तुम्ही होडी धरा," तो म्हणाला.

"या वाऱ्यात? मला धरता येईल?"

येणार नव्हती. उत्तरेचा वारा वाढत चालला होता. काठीवरचा हात जरा ढिला पडला तरी होडीची फळी खडकावर आपटली असती. स्केवोसनं कमरेचा चाकू काढून त्यांच्या हातात दिला. लाट वर आली तशी अडुसष्ट वर्षांच्या बाईंनी खडकावर पाय टाकला, हाताचा पंजा टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पुन्हा टेकवला.

तीन पुरुष उंचीवर बाई एका वळणाआड गेल्या. आता नुसता आवाज उरला.

"बाई! काय आहे?"

"तंगूस आहे, गळाची नायलॉनची! पंखाला, पायाला, सगळीकडे. झुडपाला पीळ पडलाय. गळ आहे एक."

खरं सांगायचं तर स्केवोसला आनंद झाला. पाखरू मरायला टेकलं होतं, वर म्हातारी बाई एकटी होती, आणि त्याच्या छातीत आनंदाची उकळी फुटली. मे महिन्यात याच खडकाच्या पाण्यात त्याला हिरव्या दोऱ्याची तंगूस तरंगताना मिळाली होती. त्या बेटावर गळ तंगुशीला बांधला की त्यावर घरचा रंगीत दोरा चार वेढे गुंडाळायचा, वर मेण चोळायचं. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. हिरवा साकेलारिसचा, स्केवोसचा लाल. हरवलेली तंगूस कुणाला सापडली तर दोरा बघून घरी पोचती व्हायची. स्केवोसनं ती हिरवी तंगूस घरी नेऊन दिली नाही. तो ती घेऊन बंदराच्या साहेबाकडे गेला.

"समुद्रात तरंगत होती ना?" साहेब म्हणाला होता. "त्यानं काही सिद्ध होत नाही. खडकावर सापडली तर आणा, तिथं गळ-तंगूस न्यायला बंदी आहे. मग त्याचा वर्षभराचा परवाना गेला समजा."

साकेलारिसनं कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत विचारलं होतं, "समुद्र काय मला विचारून वाहतो का रे? आज माझी आहे, उद्या तुझी असेल." स्केवोस म्हणाला होता, "माझी कधीच असणार नाही." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बायकोनं स्केवोसला सांगून पाहिलं, पाण्यात राहून माशाशी वैर बरं नाही, तो आपल्या पोराचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप आहे. पण स्केवोसनं साहेबाला कळवून ठेवलं होतं: सोळा तारखेला बाई खडक बघतील, बाईंच्या शब्दाला कुणी खोटं म्हणणार नाही, तुम्ही दुपारी बारा वाजता धक्क्यावर या.

"दोरा बघा!" तो ओरडला. "गळावरचा दोरा! हिरवा ना?"

वरून नुसती पंखांची फडफड आली.

"बाई! हिरवाच ना?"

"आधी अंडी!" बाईंचा आवाज चिरकला. "टोपी घातलीय त्यांच्यावर. थांबा जरा, ती चावतेय."

लाटेनं होडी उचलली. स्केवोसनं दोन्ही पाय रोवून काठी दाबली, तशी काठी करकरली. डोक्यावरचे ससाणे खाली खाली येत होते. एक तर कड्यामागे इतका सुसाट घुसला की त्याच्या पंखांचा आवाज होडीपर्यंत आला. बाई "अगं, नाही गं, नाही" असं काहीतरी पुटपुटत होत्या, वर्गातल्या रडणाऱ्या मुलीशी बोलावं तशा. मग तेही थांबलं. किती वेळ गेला ते स्केवोसला कळेना. मनगटावर घड्याळ होतं, पण काठीवरून हात काढायची सोय नव्हती.

एकदम कड्याच्या कडेवरून एक काळं पाखरू तिरकं फेकल्यासारखं बाहेर पडलं, पाण्यालगत आलं, सावरलं आणि वर चढलं.

"गेली!" बाई ओरडल्या. त्या रडत होत्या हे आवाजावरून कळत होतं.

उतरताना त्यांचा पाय दोनदा घसरला. तिसऱ्यांदा स्केवोसनं एका हातानं त्यांचं कोपर पकडून त्यांना होडीत ओढलं आणि लगेच होडी मागे ढकलली. विस्कटलेले केस कपाळाला चिकटले होते, अंगठ्याजवळ चोचीनं मांस फाडलं होतं. टोपी परत डोक्यावर आली होती. उजवी मूठ मिटलेली होती.

"दोरा?" तो म्हणाला.

बाई पाठ करून बसल्या आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

"उन्हानं रंग उडालाय. ओळखू येत नाही."

स्केवोसनं इंजिन चालू केलं नाही. होडी वाऱ्यानं हळूहळू खडकापासून लांब जात राहिली.

मेण चोळलेला दोरा रंग सोडत नाही. हे बाईंना त्यानंच शिकवलं होतं. बारा वर्षांपूर्वीचे गळ काढून दाखवले होते, तांबडेलाल. दर उन्हाळ्यात धक्क्यावर त्याच्या बायकोशेजारी बसून बाई स्वतः गळांना दोरा गुंडाळायच्या. चारच्या जागी पाच वेढे घ्यायच्या. "न जाणो सुटला तर," असं म्हणायच्या, आणि येणारा-जाणारा हसायचा. ज्या बाईंनी अकरा वर्षांत एक पाखरू जास्तीचं लिहिलं नव्हतं, त्या आज त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

आणि मग त्याला जून आठवला. दक्षिणेचा वारा सुटला होता म्हणून तो या खडकाच्या आडोशाला आला होता. गुंतलेली तंगूस सोडवायला त्यानं ती वर चढून खडकावर पसरली. गळासकट एक तुकडा फटीतल्या झुडपात असा रुतला की निघेना. तेव्हा पाखरं नुकतीच येत होती, घरटी नव्हती. त्यानं तो तुकडा चाकूनं तोडला. नंतर येऊन काढू, असं मनाशी म्हणाला. आज बाईंना दिलेल्या त्याच चाकूनं.

"बसली," बाई दुर्बिणीतून बघत म्हणाल्या. "परत आली, अंड्यांवर बसली." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "निघायचं ना, कॅप्टन?"

स्केवोसनं इंजिन चालू केलं.

धक्क्यावर साहेब हातात तक्रारीचा कागद घेऊन उभा होता. कॉफीच्या दुकानातल्या खुर्च्या सगळ्या समुद्राकडे वळलेल्या. साकेलारिस एकटा होड्या बांधायच्या कडीशी उभा होता, दाढी न केलेला. अथेन्सला शिकणाऱ्या दोन मुली आणि एक होडी, एवढाच त्याचा संसार. जूनमधल्या त्याच वाऱ्यात त्यानंही त्याच आडोशाला होडी घातली होती, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. त्याला स्वतःलाही. रात्रभर झोपला नसावा.

"काही सापडलं?" साहेबानं विचारलं.

"एक मादी तंगुशीत अडकली होती," बाई म्हणाल्या. "सोडवली. दोऱ्याचा रंग उडालाय, ओळखू येत नाही."

साकेलारिसनं इतका मोठा श्वास सोडला की तो होडीत ऐकू आला. साहेबानंही कागदाची घडी घालायला घेतली. गोष्ट तिथंच संपली असती. स्केवोसनं नुसतं गप्प बसायचं होतं. त्यानं तसं बसूनही पाहिलं, एक क्षण, दोन क्षण. मग त्यानं दोरखंड उचलला.

"साकेलारिस, धर."

धक्क्यावर जो असेल त्यानं येणाऱ्या होडीचा दोरखंड झेलायचा, ही रीत. मे महिन्यापासून स्केवोसनं तो त्याच्याकडे फेकला नव्हता. साकेलारिसनं सवयीनं झेलला आणि मग स्वतःच हाताकडे बघत राहिला.

"बाई, मूठ उघडा," स्केवोस म्हणाला.

"राहू द्या, कॅप्टन."

"उघडा म्हणतो ना. साहेब, तक्रार माझी आहे, ती तशीच ठेवा. फक्त त्याचं नाव खोडा आणि माझं लिहा."

कॉफीच्या दुकानात कुणीतरी कप खाली ठेवला. बाईंनी मूठ उघडली. तळहातावर वीतभर तंगूस होती, एक गळ आणि गळावर दोरा. वेढे पाच होते. साहेब वाकून बघायच्या आत साकेलारिसनं दोरखंड काखेत दाबून गळ उचलला. डोळ्यांजवळ नेला, उन्हात धरला, नखानं वेढे एकेक करून मोजले. स्केवोस त्याच्या तोंडाकडे बघत होता. मान खाली घालावीशी वाटत होती, पण घातली नाही.

"उन्हानं रंग उडालाय," साकेलारिस म्हणाला. "ओळखू येत नाही."

"अहो, मला तर इथून लाल दिसतोय," साहेब म्हणाला.

"साहेब, तुम्हाला इथं येऊन तीन महिने झाले," साकेलारिस गळ खिशात टाकत म्हणाला. "आमचे दोरे आम्हाला कळतात."

आणि तो स्केवोसची होडी कडीला बांधायला खाली वाकला.