जित्या रामोहापीची मयत

आमच्या मुलखात एप्रिल म्हणजे हिवाळ्याचं तोंड, तो लागला की हा-रापोलो गावाच्या डोंगरावर सकाळी बोटं वळत नाहीत. तरी वैनी मला अंधुक उजेडातच हलवून उठवायची. गांज्याच्या तुऱ्यातली अळी ऊन पडायच्या आत वेचावी लागते. गारठ्यानं ती आखडलेली असते, चिमटीत धरली की निघते. ऊन लागलं की सरकते आत, आणि मग आत बसून निवांत खाते. तिनं खाल्लेलं एक वेळ परवडलं, पण तिच्या घाणीवर धुकं बसलं की तुरा आतून करडा पडतो, आणि एक तुरा नासला की शेजारचे चार नासतात.

वैनीचं नाव मालिनेओ. माझा थोरला भाऊ सोन्याच्या खाणीत कामाला म्हणून गेला तो तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. तेव्हापासून कड्याखालचा तुकडा आम्ही दोघीच कसतो. कडेनं मका, मधे गांजा. गेल्या हिवाळ्यात बर्फानं घराचं छप्पर बसलं, तेव्हापासून आमचा मुक्काम शेळ्यांच्या कोठीत होता. यंदा बर्फाच्या आत घरावर पत्रे चढवायचे, असं वैनीनं घेतलं होतं मनावर.

शेजारचा तुकडा रामोहापी आबाचा. सत्तरीचा म्हातारा, हाडं मोजून घ्यावीत असा, पण जीभ जवान. त्याच्या पिकावर अळी पडली तेव्हा त्यानं मेंढरांवरच्या गोचिडाचं औषध मारलं. अळी राहिली, पानं होरपळली. मग त्यानं वैतागून सगळं कच्चंच कापलं आणि घराच्या छपरावर वाळत टाकलं. काम संपल्यावर रोज बांधावर येऊन बसायचा आणि आम्हाला बघायचा. आम्ही तंबाखूचं पाणी शिंपडत होतो, बुंध्याला चुलीतली राख टाकत होतो, झाडं हलवून दहिवर झाडत होतो.

"आंघोळ झाली, पावडर लावली," तो म्हणायचा. "आता वेण्या घाला न् शाळंत धाडा."

वैनी त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही. पण वेचलेल्या अळ्यांचा डबा जाता जाता त्याच्या पायाशी पालथा करायची.

आठ-दहा दिवसांत तुरे पिकणार, तर एका दुपारी वारा पडला. ढग निघून गेले, आभाळ धुतल्यागत निळं झालं. असं झालं की आमच्याकडची शेळीसुद्धा ओळखते की उद्या सगळं पांढरं होणार. आबा बांधावरून म्हणाला, आता तरी कापा, माझं ऐका. वैनी म्हणाली की कच्च्या मालाकडं गिऱ्हाईक बघणार नाही, आणि कमरेची किल्ली चाचपत गावाकडं चालू लागली.

ती किल्ली गावाच्या मयत मंडळाच्या कोठीची. मयतीला लांबून पाव्हणे येतात, त्यांच्यासाठी मंडळानं चाळीस घोंगड्या करून ठेवल्या होत्या. वैनी मंडळाची कारभारीण. मी म्हटलं, बायका आपली कातडी सोलतील.

"मेलेल्याला थंडी वाजत न्हाई," वैनी म्हणाली. "ह्यास्नी वाजती. धर ते टोक."

घोड्यावर लादून सगळ्या घोंगड्या रानात आणल्या. लोकरीचा भार तुऱ्यांवर पडू नये म्हणून झाडागणिक काठी रोवली, काठीवर घोंगडी टाकली, गळ्याशी मोठी पिन मारली. काठीच्या टोकानं कापड फाटू नये म्हणून वर जुन्यापान्या गवती टोप्या घातल्या. दिवस बुडाला तेव्हा काम संपलं होतं. आम्ही त्या वेळी लांबून बघितलंच नाही, नाहीतर तेव्हाच ध्यानात आलं असतं.

सकाळी डोंगर पांढराफेक. मक्याची पात काचेगत मोडत होती. वैनीनं एका घोंगडीत हात घातला आणि आत कोरडं, उबदार लागलं तशी ती नुसती हसली. पहिली पिन काढतेय तोवर वरच्या वाटेवर टापा वाजल्या.

खालच्या मुलखातून बदलून आलेला नवा सार्जंट लेबुसा, आणि मागं एक शिपाई. ह्या सार्जंटनं दोन गावांतलं उभं पीक कापून जाळलं होतं. आमच्याकडं यायला त्याला महिना आहे, अशी बातमी होती.

दरीतलं धुकं कमरेएवढं चढलं होतं. मी वर बघितलं आणि त्याच्या डोळ्यांनी आमचं रान मला दिसलं. घोंगड्या पांघरून, टोप्या घालून, चाळीस माणसं खाली मुंडी घालून बसली होती. वैनीलाही त्याच घटकेला दिसलं असावं. तिनं डोक्यावरनं शाल ओढून घेतली, खाली बसली आणि प्रार्थनेचं गाणं उचललं. मीही बसले. थंडीनं माझे दात वाजत होते, त्यामुळं आवाज आपोआप रडका लागला.

सार्जंटनं टोपी काढली. दुखवट्यातल्या बायकांत यायचं नाही म्हणून तो वरच थांबला आणि हळू आवाजात विचारलं, कोण गेलं?

"रामोहापी आबा, साहेब," वैनी म्हणाली. तोंडाला आलं ते पहिलं नाव. "काल गेलं. थंडी बाधली."

आणि नेमका त्याच वेळी बांधावरून रामोहापी आबा आला. आमचं रान कसं जळालंय ते बघायला खुशीत निघालेला. आपलं नाव कानावर पडलं तसा जागीच उभा राहिला.

सार्जंटनं विचारलं, हे कोण?

"भाऊ त्येंचं," वैनी मागं न बघता म्हणाली. "जुळं."

आबाचं तोंड उघडलं. मग त्याला स्वतःच्या छपरावर वाळत पडलेला माल आठवला असणार. तोंड मिटलं, गुडघे टेकले, आणि त्यानं असा हंबरडा फोडला की शिपायाच्या घोड्यानं कान टवकारले. आपला भाऊ किती देवमाणूस होता, किती कष्टाळू, गावानं त्याची किंमत कशी ओळखली नाही, तरुणपणी बायका कशा वळून बघायच्या, हे सगळं तो सांगत सुटला. खऱ्या आसवांनी रडत होता. शेवटी वैनीनं गाण्याच्या चालीतच त्याला सांगितलं, "लई झालं, आबा."

सार्जंटनं पुढचं गाव करून बारा दिवसांनी परततो, तेव्हा कबरीवर येऊन जातो, असं सांगितलं आणि घोडी वळवली.

मग आठ दिवस आम्ही रोज संध्याकाळी ती माणसं बसवली आणि रोज सकाळी उठवली. आबाही आमच्याबरोबर अळ्या वेचायला लागला. मेल्यापासून जरा मवाळ झाला होता. मंडळाच्या बायकांना घोंगड्यांचा वास लागलाच. त्यांनी वैनीला चाळीसच्या चाळीस ओढ्यावर धुवायला लावल्या. पण तोवर तुरे भरले होते, बोटांना चिकटत होते. कापून, चुलीच्या धगीवर घाईनं सुकवून तीन पोती झाली.

बाराव्या दिवशी गिऱ्हाईक काही आलं नव्हतं आणि सार्जंट येणार होता. पोती ठेवायची कुठं, आणि कबर दाखवायची कुठली? हे दोन्ही एकदम सोडवलं ते आबानं. कुंपणाशी खड्डा केला, पोती खाली घातली, वर माती आणि धोंडे रचले. आपल्या मानानं धोंडे कमी पडतात म्हणून तो रुसला, तेव्हा आणखी दोन खेपा आणल्या.

दुपारी सार्जंट आला. घोड्यावरून उतरून उघड्या डोक्यानं कबरीपाशी उभा राहिला. एक धोंडा उचलून वर ठेवला. बराच वेळ डोळे मिटून, नाकानं लांब लांब श्वास घेत उभा होता. मी वैनीचा हात घट्ट धरला.

मग टोपी घालून तो घोड्यावर चढला आणि आबाकडं वाकून म्हणाला, "आजोबा, पुढच्या साली भावाला जरा खोल पुरा. वास येतोय."

आबानं खालमानेनं "व्हय, साहेब" म्हटलं.

दोन दिवसांनी गिऱ्हाईक येऊन पोती घेऊन गेलं. बर्फ पडलं तेव्हा आम्ही दोघी पत्र्याखाली चूल पेटवून बसलो होतो. कबर मी बुजवणार होते, पण आबानं हात लावू दिला नाही. पहार घेऊन आला आणि हातभर खोल करून ठेवली.