चिखलातून वर येणारे दाणे

इओताबाच्या बबाईच्या, म्हणजे आमच्या बेटावरच्या उंच अळूच्या, खड्ड्याभोवती सारं गाव जमलं होतं. जहाजावरची नोकरी सोडून परतलेल्या या गड्यानं किनाऱ्यावर वाहून आलेले निळे-पांढरे, मसुराएवढे दाणे सकाळी सर्वांदेखत चिखलात गाडले होते. दुपारी भरतीच्या वेळी ते आपोआप वर येऊन तरंगू लागले.

"ही समुद्राच्या पोटातली अंडी," तो म्हणाला. "पूर्वजांनी धाडलीत. कुजत नाहीत, म्हणजे ताकद संपत नाही."

त्याच्या बबाईचं पान एवढं मोठं, की खाली माणूस उभा राहील. म्हाताऱ्यांनी आदरानं माना खाली घातल्या.

बबाईच्या कंदावर आमच्यात घराचा मान ठरतो. लग्नात तो हवाच. खत म्हणून पाला सगळेच घालतात, पण त्यात आणखी काय मिसळतो हे कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. इओताबानं हीच नस पकडली. 'कुणाला बोलू नकोस, गुण जाईल,' असं प्रत्येकाच्या कानात सांगून त्यानं खत म्हणून दाणे दिले आणि बदल्यात प्रत्येक खड्ड्यातला सर्वांत जुना कंद उपटून नेला. कुणाचीच बबाई वाढेना. आपलंच काही चुकतंय, असं ज्याला त्याला वाटायचं.

माझ्या रोइतीताईनं तर टोपल्या भरभरून दाणे ओतले. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. मी चिडलो, तर म्हणाली, "तू शाळा सांभाळ, खड्डा मी बघते."

शेवटी गावसभेच्या छपराखाली सर्वांसमोर मी चिखलाची बादली ठेवली. चिखलात इओताबाचे दाणे गाडले, शेजारी शाम्पूच्या झाकणाचे कातरलेले तुकडेही. पाणी ओतून ढवळलं. दोन्ही वर आले.

"इओताबा, माझं झाकण कुठल्या पूर्वजानं धाडलं?"

लोक हसले. भरतीला जमिनीखालून खड्ड्यात पाणी चढतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्लास्टिक तरंगतं, तेही ठाऊक. दोन्ही जोडून कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच.

ताई हसली नाही. ती तडक त्याच्या खड्ड्यात उतरली आणि बुंध्याभोवती खत धरून ठेवणाऱ्या विणलेल्या कड्यात तिनं हात खुपसला. दाण्यांच्या पातळ थराखाली नुसता कुजका पाला होता, आम्ही सगळे घालतो तोच.

"श्रद्धा नसलेल्या हाताला पालाच लागणार," इओताबा म्हणाला. या वेळी कुणी मान खाली घातली नाही.

पण नेलेले कंद त्यानं खाऊन संपवले होते. भाचीच्या लग्नात ताईनं दुकानातला तांदूळ वाढला आणि दिवसभर कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. मला फार वाईट वाटलं.

हे दाणे म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या दूरच्या कारखान्यांचा, जहाजांतून सांडलेला कच्चा माल. आमच्या बेटावर त्यातला एकही बनत नाही. आता ताई प्रत्येक भरतीला चहाची गाळणी घेऊन खड्ड्याकाठी बसते. ज्या पाण्यावर ते तरंगतात, तेच जमिनीखालून आमच्या विहिरीत येतं. कितीही काढा, पुढच्या भरतीला आणखी वर येतात.

परवा ती उठून शेजारणीच्या खड्ड्यापाशी गेली आणि आमच्यात कुणी विचारत नाही ते तिनं विचारलं, "तुझी बबाई तरी वाढली का गं?"

"नाही," शेजारीण म्हणाली. तिच्याही हातात गाळणी होती.

चमत्कार गुपित ठेवायला सांगणारा भेटला, तर बाबांनो, आधी शेजाऱ्याला विचारा. आम्ही हे वेळीच विचारलं असतं, तर दाणे किनाऱ्यावरच राहिले असते.