बाळंतिणीची खोली

उज्वला, माझी धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला शिरूर अनंतपाळला माहेरी यायची होती, म्हणून मी खास नवी खोली बांधली. वर स्लॅब, सरकत्या काचेची खिडकी. आई म्हणाली, "आदिनाथ, वर साणं सोड रे. शेगडीचा धूर कुठून जाईल?" आमच्या जुन्या माळवदाला छतात वीतभर साणं होतं, धूर तिथूनच जायचा. मी हसलो. स्लॅबला कुणी भोक पाडतं का? शहाणपण मला आधीच जरा जास्त. म्हणालो, "लाकडं कशाला? कोळसे आणतो. कोळशाला धूर नसतोय."

धूर खरंच नव्हता. आई अंगणात कोळसे फुलवायची आणि लाल झाले की शेगडी उज्वलाच्या बाजेखाली सरकवायची. मुलगी झाल्यावर अकराव्या दिवशी गारठा वाढला, म्हणून आईनं दाराच्या फटीलाही गोधडी लावली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं.

सकाळी आई नातीला तेल लावून कोवळ्या उन्हात बसली होती. मी चहा घेऊन आत गेलो तर बाजेखाली शेगडी लाल होती आणि उज्वलानं खिडकी उघडलेली.

"दादा, डोस्कं लई दुखायलंय. मळमळायलंय."

"माहेरी आलं की सगळ्याच पोरींचं डोस्कं दुखतंय," असं म्हणत मी खिडकी घट्ट लावली. "वारं लागलं तर आई मला बोलंल."

ती हसली, कूस बदलून पडून राहिली. जाताना मी दाराच्या फटीची गोधडी पुन्हा नीट बसवली.

तासाभरानं पोरगी भुकेनं रडायला लागली. आईनं दोन-तीन हाका मारल्या, मग दार लोटलं.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जळत्या कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाहेर जायला वाट नसली की माणूस झोपेतच जातं.

तेराव्याला उज्वलाची सासू सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "इस्वासानं धाडली होती हो तुमच्याकडं. आता लेकरू तरी इथं ठेवणार न्हाई."

आईनं मान वर केली नाही. "हाव. शेगडी म्याच ठेवली. माझ्याच हातानं गेली ती." आणि पोरीची दुपटी घडी करून पिशवीत भरू लागली.

खिडकी मी लावली, एवढंच बोलायचं होतं मला. समोर दाजी होते, पाहुणे होते, गावातली चार माणसं होती. मी उठलो आणि पंगतीत पाणी वाढायला गेलो.