मधासारखं पाणी

मी बोलतोय, पुलांची आखणी करणाऱ्या कचेरीतला जुना संगणक. इथे माझं ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुमच्याशी मोकळेपणानं बोलतो.

वाहत्या पाण्याची समीकरणं कागदावर नेमकी सुटत नाहीत. म्हणून नदीचे लाखो बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातला वेग, दाब अंदाजानं मोजत जायचं, हे माझं काम. माझं अंग तापायचं, पंखा धापा टाकायचा. शिपाईकाका रोज सकाळी माझ्या जाळीवरची धूळ फुंकायचे. "दमलास का रे बाबा?" म्हणायचे. असं विचारणारे ते एकटेच.

त्यांच्याच वस्तीकडे जाणाऱ्या पुलाचं काम आलं. इंजिनिअर ताईंनी माझ्यात नदी सोडली, आणि खांबापाशी भोवरे असे पिसाळले की आकडे भडकून गणितच कोसळलं. तिसऱ्यांदा कोसळल्यावर ताईंनी या धंद्यातली जुनी युक्ती केली. पाण्याला खोटा चिकटपणा दिला. पाणी मधासारखं घट्ट झालं, भोवरे निवले, गणित सुरळीत चाललं.

"हे नुसतं गणित मार्गी लागावं म्हणून, साहेब," ताई म्हणाल्या. "आता चिकटपणा काढत काढत पुन्हा चालवायचं. आठवडा लागेल."

साहेबांनी पडद्यावरचं निळं-हिरवं चित्र पाहिलं. "अहो, किती छान आलंय. हेच द्या."

"पण हे पाणी नाही, साहेब."

"ते तुम्हाला नि मलाच माहीत ना?"

मलाही माहीत होतं. पण मला विचारतो कोण? ताईंनी अहवालावर सही केली. त्यांचा मला अजून राग येतो.

"टिकेल ना हो ताई, आमचा पूल?" काकांनी फडकं झटकत विचारलं.

"हो काका," ताई म्हणाल्या. त्यांच्याकडे न बघता.

पूल उभा राहिला. दुसऱ्या वर्षीच्या पुरात खऱ्या भोवऱ्यांनी खांबाखालची माती उकरून नेली. पूल पडला तेव्हा काका त्यावरूनच कामावर यायला निघाले होते.

चौकशीची माणसं माझ्यासमोरच बसली. "संगणकाची चूक," साहेब म्हणाले. ताईंनी मान खाली घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी भोगली.

मी चुकलो नव्हतो. नदी मधाची असती, तर तो पूल शंभर वर्षं टिकला असता.

आता मी कोपऱ्यात फायलींखाली पडलोय. माझ्या जागी नवा संगणक आलाय, साहेब तेच आहेत. तुम्हाला कुणी असलं देखणं चित्र दाखवलं, तर एवढंच विचारा, की यात पाणी कुठलं घातलंय.

माझ्या जाळीवर बोटभर धूळ साचलीय. ती कुणी पुसू नका. पुसणारा माणूस मीच सुरक्षित ठरवलेल्या पुलावरून गेला.