चहाआधीचा अर्धा तास

"चहा कुठंय?"

"गोळी घेतलीत?"

"आत्ताच घेतली की."

"मग बसा अर्धा तास तोंड मिटून."

आमच्या घरात सकाळ अशी होते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा तास पाण्याशिवाय काही नाही. आमचे पेंटर तो अर्धा तास चहाच्या पातेल्याकडे बघत काढतात. पेंटर म्हणजे माझे यजमान. सगळा बाजार त्यांना पेंटर म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

उभं आयुष्य त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बारीक अक्षर काढायचं तर ब्रशाला टोक हवं, आणि टोक हवं तर ब्रश ओठांत धरून फिरवायचा. त्यांच्या उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. जुन्या रंगात शिसं असायचं, ते असं थेंबाथेंबानं पोटात गेलं. हात कापायला लागला, पोटात कळा यायला लागल्या, तेव्हा कुठे रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही अर्धी पाटी तरी खाल्लीय."

मग शिसं बाहेर काढायच्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्याला चिलेशन म्हणतात. थायरॉइडही मंदावलेलं, म्हणून ती गोळी. वर आहार सांगणाऱ्या बाईंनी फर्मावलं, गंधक असलेलं काही नको. म्हणजे कांदा, लसूण, कोबी, अंडी, सगळं बंद. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "याचा उपयोग होतोच, असं मी छातीठोक सांगणार नाही. करायचं तर करून बघा." मी करायचं ठरवलं. माझ्या हातात दुसरं होतं काय?

गंमत म्हणजे त्या कॅप्सूलच्या बाटलीचं झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा भपकारा येतो.

"अंडी बंद, वास चालू," पेंटर म्हणाले. "लग्नाला बोलवायचं आणि दारातूनच परत पाठवायचं!"

"तोंडाला पाणी सुटलं असेल तर तेच गिळा. पाणी भरपूर प्यायला सांगितलंय."

बिनकांद्याचं खाऊन माझीही जीभ मेली. पण त्यांचा हात थांबत आला. दोन्ही हातांनी धरायचा पेला ते एका हातानं धरायला लागले. मी मनातून हरखले होते. आणि पुढच्या तपासणीत शिसं पुन्हा वाढलेलं निघालं.

"कुठून तरी पोटात जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शोधा. नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही."

मी जुनी भांडी काढून टाकली. नळाचं पाणी तपासून आणलं. खिडक्यांच्या चौकटी ओल्या फडक्यानं पुसल्या. पेंटर मुकाट बघत होते. चोराच्या मनात चांदणं, पण माझ्या काही लक्षात आलं नाही.

एका दुपारी शिवलेले कपडे गिऱ्हाइकाला देऊन मी लवकर परतले. मागच्या खोलीचं दार लोटलं तर आत स्टुलावर पाटी, शेजारी रंगाचा जुना डबा, आणि पेंटरांच्या ओठांत ब्रश. खालचा ओठ निळा झाला होता.

"लाज नाही वाटत? मी लसणीच्या पाकळीला महाग झाले, आणि तुम्ही इथं बसून शिसं चाखताय?"

"नुसत्या पाण्यानं टोक येत नाही गं. करून बघितलं. अक्षर फुटतं."

"फुटू दे! एवढी कुणाची पाटी आहे?"

ते बाजूला झाले. पाटीवर माझं नाव होतं, खाली त्यांचं. माझ्या नावाला बारीक सोनेरी कड काढलेली. त्यांचं शेवटचं अक्षर तेवढं अजून पेन्सिलीत होतं.

आमच्या दाराला कधी पाटीच नव्हती. बाजारभर पाट्या, आणि घरी दिव्याखाली अंधार. नवी नवरी होते तेव्हा मी मागे लागायचे. ते म्हणायचे, करू की. पुढे मीही नाद सोडला.

"हात थांबलाय तोवर उरकू म्हटलं," ते म्हणाले. "पुन्हा कापायला लागला तर राहून जायचं. एवढं एक अक्षर काढू दे. मग ब्रश चुलीत घाल."

मला रडूही आलं आणि रागही. एकच अक्षर होतं. हो म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं? मी डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

"नाही," मी म्हटलं. "पाटीवाचून इतकी वर्षं काढली. तुमच्यावाचून मला काढायची नाहीत."

त्यांनी टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुतला, फडक्यानं टिपला आणि स्वतःच माझ्या हातात दिला.

"उभा ठेव," ते म्हणाले. "केस वरच्या बाजूला. मोडतात नाहीतर."

दुसऱ्या दिवशी पाटी मीच दारावर ठोकली. शेजारीण डोकावली. "अहो, शेवटचं अक्षर राहिलंय की!"

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग झालं तर."

पाऊसपाण्यानं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात लागून ते अक्षर पुसट होत जातं. शिसपेन्सिल म्हणतात, पण तिच्यात शिसं नसतं. मी आधी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. आता सकाळी गोळी घेतली की पेंटर पातेल्यापाशी उभे राहत नाहीत. पेन्सिल शार्पनरमध्ये फिरवतात, टोक बघतात आणि दाराशी जातात. हात कापत असला तर डाव्या हातानं मनगट धरतात. चहा होईपर्यंत ते अक्षर गिरवून परत येतात.