हौस तुझी, डोकं तुझं

शुक्रवारी संध्याकाळी, आईच्या गुडघ्यांना पाठ टेकवून बसल्या बसल्या नोएमी म्हणाली, "आई, रविवारी कापून टाकणार आहे मी."

टेबलावर पपई होती. आईला, म्हणजे दोन्या कूकाला, वाटलं, पपईबद्दलच बोलतेय. "रविवारपर्यंत कशाला थांबतेस? पिकलीय की."

"पपई नाही गं. जटा. सगळ्या."

कूकाच्या हातातली क्रोशाची सुई जटेत अर्धी शिरली होती, ती तिथेच थांबली. तीस वर्षं ही बाई हेच मागत आली होती. ग्वादालुपेच्या माउलीपुढे मेणबत्त्या लावून मागितलं. रागावून झालं, लाडीगोडी लावून झालं. एकदा तर झोपलेल्या पोरीच्या उशाशी कात्री घेऊन उभी राहिली आणि धीर न होऊन परत फिरली. आता पोरगी आपल्या तोंडाने म्हणतेय, तर हिला ते ऐकवेना.

"बरं झालं," ती म्हणाली. "सुटलीस एकदाची." आणि सुई जरा जास्तच जोरात ओढली.

नोएमी गेल्यावर कूकाने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि नेहमीसारखे दोन्ही हात गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून बसली. बोटांची पेरं सुजून लिंबाएवढी झाली होती. हे कुणाला दिसू नये म्हणून तर दार लावायचं. शुक्रवारचा दिवस निभावून न्यायचा, मग शनिवारी कपबशीसुद्धा दोन हातांनी धरावी लागली तरी बिघडत नाही, घरात बघायला आहे कोण?

सकाळी शेजारची एर्मिनिया आली, तिला कूकाने बातमी सांगितली.

"अगं बाई! नवस फळला की तुझा!" एर्मिनिया टाळी वाजवून म्हणाली. "मग तोंड का असं पाडलंयस?"

"तोंड असंच आहे माझं. जन्मापासून."

एर्मिनियाला काय कळणार म्हणा. तिची स्वतःची लेक नाताळात येते आणि मातृदिनाला केक घेऊन येते. दारातच विचारते, "आई, गोळ्या घेतेस ना वेळेवर?" आणि केक कापून होतो न होतो तोच निघते. लेक वाईट नाही. पण जटा गेल्या की नोएमीही तश्शीच यायला लागेल, हे कूकाला लख्ख दिसत होतं. शुक्रवार जाणार होता. केस काय, मेले वाढतात परत.

आणि सुरुवात किती वाईट झाली होती! नोएमी तेव्हा सतरा वर्षांची. दर शनिवारी नेसा या उपनगरातल्या घरून बस पकडून शहरात चोपोच्या बाजारात जायची. शहरातली सगळी चक्रम पोरं तिथे जमायची. काळे कपडे, कानात पिना, उन्हाळ्यातसुद्धा पायात हे एवढाले बूट. तिथे पैसे असलेलं कुणीच नसायचं, त्यामुळे गाण्यांची अदलाबदल चालायची. तुझी कॅसेट मला, माझी तुला. शाळेचा निळा स्वेटर घालून गेलेली ही पोर एका शनिवारी परत आली ती डोक्यावर दोरखंड घेऊन. कुणा नाकात कडी घातलेल्या पोराने मेणबत्तीचं मेण लावून वळून दिले होते.

तिचा बाप फिदेन्सियो मिनीबस चालवायचा. दिवसभर शहराशी भांडून नुकताच जेवायला बसला होता. त्याने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "ही कोण?" त्यानंतर महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. मीठ हवं असेल तर बायकोला म्हणायचा, "त्या दोरवालीला सांग, मीठ दे." दोरवाली शेजारच्याच खुर्चीवर.

कूका मात्र बोलली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. "केवढे सुंदर केस होते! जळलं मेलं लक्षण ते! कुणासारखी दिसतेस, बघ तरी आरशात!"

"कुणासारखीच नाही," नोएमी म्हणाली. "सगळ्या पोरी एकसारख्या दिसतात, आई. मला माझ्यासारखं दिसायचंय."

"मग इतके दिवस कुणासारखी दिसत होतीस?"

"तुझ्यासारखी."

कूकाने दार आपटलं.

तीन दिवसांनी अंगणात कपडे धुताना नोएमी खाली वाकली आणि उन्हात कूकाने ते डोकं पहिल्यांदा जवळून पाहिलं. तिथेच घोटाळा झाला. कूका तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, गुंडाळायचे रुमाल विणायची. तिच्या क्रोशाच्या काठाचा रुमाल घरात असणं म्हणजे बाजारातल्या बायकांना मोठेपणा वाटायचा. आणि इथे तिच्याच पोरीच्या डोक्यावर एक जट अंगठ्याएवढी जाड, दुसरी शेपटीसारखी, मेणाचे गोळे, निम्मे केस बाहेर लोंबतायत.

"हे कुणी केलं?" ती किंचाळली. "अगं, काम आहे का हे? लोक म्हणतील, कूकाची पोर, आणि हे असलं काम! बस. खाली बस म्हणते ना!"

तिने नोएमीला बुटक्या स्टुलावर दाबून बसवलं. कढत पाण्यात टॉवेल बुडवून मेण काढलं. मग विणकामाच्या टोपलीतली सगळ्यात बारीक सुई घेतली आणि एकेक सुटा केस जटेच्या पोटात ओढून बसवायला लागली. "वेडी दिसायचंय ना? दिस. पण नीटनेटकी वेडी दिस."

"आई गं! दुखतंय!"

"दुखू दे. हौस तुझी, डोकं तुझं."

पुढच्या शनिवारी बाजाराने ते डोकं पाहिलं, आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी दारात चारजण उभे. सगळ्यात पुढे एक काटकुळा पोरगा, डोक्याच्या दोन्ही बाजू भादरलेल्या आणि मधोमध हिरवा तुरा. त्याला सगळे रातकिडा म्हणत. हे बेणं म्हणे, "मावशी, नोएमीचं डोकं तुम्ही केलंत?"

"हो. का? तक्रार आहे काही?"

"माझंही कराल?"

"तुझ्या डोक्यावर आहे काय करायला? कोंबडा आहे तो."

"वाढवतो मग," रातकिडा म्हणाला. आणि खरंच वाढवले त्याने.

त्यानंतर शुक्रवार म्हणजे कूकाच्या अंगणात जत्रा. भिंतीला टेकून काळ्या कपड्यांतली पोरं कावळ्यांसारखी ओळीने बसलेली, मधे कूकाची खुर्ची, खुर्चीपुढे ते स्टूल. ज्याचा नंबर लागेल त्याचं डोकं तिच्या मांडीशी, आणि डोक्याबरोबर त्याची सगळी दुःखंही. कोण नापास झालं, कुणाला बापाने घराबाहेर काढलं, कुणाचं कुणावर मन बसलंय. कूका ऐकायची, शिव्या घालायची आणि सुई ओढायची. एर्मिनिया रस्त्याच्या पलीकडून क्रूसाची खूण करायची, पण खिडकीही सोडायची नाही.

पोरं मोबदला द्यायची तो त्यांच्या बाजाराच्या रीतीने. कॅसेटी. आधी कूकाने त्या फडताळात टाकून दिल्या. मग एकदा राजमा शिजत ठेवलेला असताना, घर फार गप्प वाटलं म्हणून, एक लावली. चर्चमधल्यासारखा संथ ऑर्गन आणि त्यावर एका बाईचा खोल, विहिरीतून यावा तसा आवाज. कूका पळी हातात धरून उभीच राहिली. तेवढ्यात एर्मिनिया पाव घेऊन धावत आली, डोळ्यांत पाणी. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही. राजमा शिजतोय."

पण ते गाणं तिच्या मनात बसलं ते बसलंच. "ही बाई खरं रडते," ती पोरांना सांगायची. "टीव्हीवरच्या रडतात तेव्हा त्यांची लिपस्टिकसुद्धा हलत नाही." पुढे पुढे तर फर्माइशी सुरू झाल्या. "ही नको रे, नुसता धिंगाणा आहे. ढोल कमी आणि अंधार जास्त, अशी आण." रातकिडा अख्खा बाजार पालथा घालून तसली कॅसेट आणायचा. गल्लीत बाकीच्या बायका बोलेरोची प्रेमगाणी ऐकायच्या, आणि कूकाच्या खिडकीतून भुतांची अंगाई यायची. तिला कुणी विचारलं, हे काय ऐकतेस, तर म्हणायची, माझे कान आहेत.

फिदेन्सियोही विरघळला. शुक्रवारी घरी येताना गोड पावांची पिशवी आणायला लागला. "त्या भुतांना दे," एवढंच. तो गेला तेव्हा सगळी भुतं आली, रांगेत उभी राहिली, आणि शवपेटीला खांदा रातकिड्याने दिला. काळे कपडे त्यांना वेगळे शोधावे लागले नाहीत.

मग पोरं पांगली. कुणी सीमेपलीकडे गेलं, कुणी नोकरीसाठी केस कापले. रातकिड्याला आता टक्कल पडलंय, त्याचं टायरचं दुकान आहे, दिसला की अजून "मावशी!" म्हणून ओरडतो. टेपरेकॉर्डर बिघडला तो बिघडलाच. अंगणात उरलं ते स्टूल, आणि त्यावर दर शुक्रवारी येऊन बसणारी नोएमी. टी-शर्ट छापायचं स्वतःचं दुकान, हाताला कायम शाईचा वास, जटांमधून पांढरे केस डोकावायला लागलेले. ती बसली की कूका मुळाशी सुई घालायची आणि म्हणायची, "कापून टाक हे दोर." नोएमी म्हणायची, "टाकते हं." मग दोघी कॉफी प्यायच्या. ते म्हटल्याशिवाय शुक्रवार सुरूच व्हायचा नाही.

शनिवारी दुपारी न राहवून कूकाने फोन लावला. "कोण आहे तो?"

"कोण तो?"

"ज्याच्यासाठी कापतेयस."

"आई, सत्तेचाळीस वर्षांची आहे मी."

"म्हणून तर विचारतेय."

नोएमी हसली, पण कारण काही सांगितलं नाही. "कंटाळा आला गं," एवढंच म्हणाली. कूकाला ते पटलं नाही. कंटाळा आलेला माणूस असा जपून जपून बोलत नाही.

रविवारी नोएमी आली ती नवी कोरी कात्री घेऊनच. अंगणात ऊन होतं. ती स्टुलावर बसली, जटा पाठीवर मोकळ्या सोडल्या आणि कात्री मागे, आईच्या हातात दिली. "पहिली तू काप. तीस वर्षं वाट बघितलीस, तुझाच मान."

कूकाने एक जट हातात घेतली. डाव्या कानामागची, पहिल्या दिवशी सगळ्यात आधी सुधारलेली. किती घट्ट, किती एकसारखी! असं काम तिने आयुष्यात दुसरं केलं नव्हतं. रुमाल झिजले, फाटले, लोकांनी फेकूनही दिले असतील. हे मात्र तीस वर्षं चालत-बोलत होतं.

तिने कात्रीत अंगठा घालून पाहिला. पेर आत जाईना. पलीकडून बोट घातलं, तर कात्री मिटेना. तिने ओठ दाबून पुन्हा जोर लावला आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"धार गेलीय हिची," ती म्हणाली.

"कालच आणलीय, आई."

"मग दुकानदाराने फसवलं तुला."

नोएमी वळली. आईचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले, आणि कूकाला ते ओढून घेता येईनात.

"दार लावून पाण्यात हात घालून बसतेस, मला कळत नाही वाटतं? मागच्या महिन्यात मी छत्री विसरले म्हणून परत आले होते. खिडकीतून बघितलं मी तुला. रडत होतीस तू." नोएमीने सुजलेल्या पेरांवरून अंगठा फिरवला. "माझ्या हौसेपायी तू हात मोडून घेणार, आणि मी इथे बसून कॉफी पिणार?"

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घे! त्या मेट्रोजवळच्या दुकानातल्या पोरी करतात की."

"नाही. माझ्या डोक्याला दुसरा हात मला खपायचा नाही. त्यापेक्षा टक्कल परवडलं."

"वा! आणि माझं काय?" कूका भडकली. इतकी, की पत्र्यावरची मांजर उडी मारून पळाली. "हे डोकं तुझं एकटीचं आहे का? तू जटा कापल्यास की शुक्रवारी कशाला येशील इथे? केक घेऊन? मला गोळ्या विचारायला? मी काय करू शुक्रवारी, सांग ना! भिंतीचे केस विणू?"

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. एवढ्या वर्षांत तिने पोरीला 'ये' म्हणून कधी सांगितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

नोएमी उठली. कात्री तेवढी उचलून तिने लांब, कपडे धुवायच्या दगडावर ठेवली आणि परत येऊन स्टुलावर बसली.

कूकाने पदरासारखी अंगाभोवती घेतलेली शाल बाजूला काढली आणि अंबाड्यातले आकडे एकेक करून काढायला लागली. पांढरे केस खांद्यावर आले. पातळ झाले होते, पण होते.

"ऊठ तिथून," ती म्हणाली.

"काय?"

"ऊठ म्हणते ना. खुर्चीवर बस. टोपलीत सगळ्यात बारीक सुई आहे, ती घे." आणि गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ती बुटक्या स्टुलावर बसली. "हात गेले माझे, तोंड शाबूत आहे. मी सांगते, तू कर. माझ्या डोक्यावर शीक, मग पुढच्या बाजूच्या तुझ्या तू करशील. मागच्या मी बघेन, एका शुक्रवारी एकच. दुखलं तर सांगेन."

"सांगशील?"

"सांगेन म्हटलं ना!"

नोएमी खुर्चीवर बसली. एवढ्या वर्षांत ती खुर्चीवर कधी बसलीच नव्हती, तिला कळेना पाय कुठे ठेवावेत. "आई, एर्मिनिया खिडकीत उभी आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. म्हातारीला वेड लागलं म्हणतील. मानेजवळची बट घे. पिंजून घे आधी. हां. आता सुई मुळाशी घाल आणि सुटे केस आत ओढ. हलक्या हाताने नाही, तसं बसत नाही ते. ओढ!"

नोएमीने ओढलं, तशी कूका ओरडली.

"आई गं! मारतेस की काय! दुखतंय!"

"दुखू दे," नोएमी म्हणाली, आणि शाईच्या हाताने डोळे पुसले. "हौस तुझी, डोकं तुझं."