हिवाळ्याची फुलदाणी

“अहो डेटलेफ, ती नको!” मी ओरडले, पण नवऱ्यामुलाच्या मामाने तोवर खोक्यातली फुलदाणी डोक्यावर उचलून अंगणातल्या फरशीवर आपटली होती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या जर्मन लोकांत नवरीच्या दारात चिनी मातीची जुनी भांडी फोडतात. काच नाही हं, काच फुटली की अपशकुन. ज्याच्या घरी कान तुटलेला कप, चिरलेली बशी असेल तो घेऊन येतो, आणि नंतर नवरानवरीने मिळून सगळं झाडायचं. डेटलेफ बिचारा बिअर पिऊन खुशीत होता. दाराशी ठेवलेलं खोकं त्याला फोडायच्या भांड्यांचंच वाटलं.

तो शेजारच्या मेता आजींचा आहेर होता.

आजींकडे त्यांच्या आईच्या दोन पुरातन फुलदाण्या होत्या, महायुद्धात बटाट्यांच्या ढिगाखाली लपवून वाचवलेल्या. एकीवर वसंत, म्हणजे फुलं माळलेली पोर. दुसरीवर हिवाळा, म्हणजे शेकोटीवर हात धरून बसलेला दाढीवाला म्हातारा. माझा नवरा गेला तेव्हा ही नवरी, माझी रीके, रांगत होती. मी कारखान्यात पॅकिंगला, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. माझी लेक आजींनी वाढवली, आणि चुकूनही कधी बोलून दाखवलं नाही. रीके त्या म्हाताऱ्याला ‘आजोबा’ म्हणायची, निजायच्या आधी त्याचा पापा घ्यायची. म्हणून आजींनी तिला हिवाळाच दिला होता.

“मला वाटलं...” डेटलेफ रिकाम्या खोक्याकडे बघत म्हणाला. रीकेचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची जीभ माझ्यावर गेलेली. एक शब्द सुटला असता तर दोन्ही घरांत कायमचं वितुष्ट आलं असतं.

आजी काठी टेकत पुढे आल्या.

“फुटली ना नीट? की अजून बाकी आहे?”

“आजी, चुकलो हो मी...”

“अरे, जन्मभर जपली, थेंबभर पाणी घातलं नाही कधी. आधी आई घाबरायची, मग मी. सुटले बाई एकदाची! रीके, बघतेस काय? झाडू घे. आणि या मामांना कोणीतरी सॉसेज वाढा, नुसत्या बिअरवर आहेत ते.”

रीके रडता रडता हसली आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिने आणि नवऱ्यामुलाने, तोर्स्टनने, अंगण झाडलं. एक तुकडा तिने हळूच खिशात टाकलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या टेबलावर वसंताची फुलदाणी होती, काठोकाठ पाणी भरलेली, आजींच्या बागेतल्या फुलांनी गच्च.

“भांडं आहे ते,” आजी रीकेला म्हणाल्या. “वापर. जपत बसू नकोस माझ्यासारखी.”

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे उपकार माझ्याने फिटले नाहीत, आणि खरं सांगते, मला ते फेडायचेही नाहीत. राहू देत अंगावर, ऊब असते त्यांची. वसंताची ती फुलदाणी रीकेकडे आहे. डेटलेफ रिकाम्या हाताने कधी येत नाही, फुलं आणतोच. पाणी बदलताना आत काहीतरी किणकिणतं. हिवाळ्याचा तुकडा आहे तो, शेकोटीवर धरलेला तेवढा हात. रीके तो काढून ॲप्रनने पुसते, आणि नवं पाणी भरायच्या आधी परत आत ठेवते.